दहा बाय आठ

हॉस्टेलच्या आरशावर टांगलेला टॉवेल. कोरडाच.

मुलींची गोळाफेक : विद्यापीठात पहिली.

काकडी. सकाळी काकडी, रात्री काकडी.

कॉलेजच्या ग्रुपवर, फोटोखाली : ‘ह्यात गोळा कुठला आन् पोरगी कुठली?’ त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग.

आजऱ्याच्या चौकात लावायचा अभिनंदनाचा फ्लेक्स : दहा बाय आठ.

“ताई, कंबर घेऊ आत?” फ्लेक्सवाल्या मृत्युंजयनं माऊस धरला.

पडद्यावर तेजस्वी होती. गोळा हातातून सुटायच्या क्षणाची. गाल फुगलेले, दात आवळलेले. गावच्या मंडळानं फ्लेक्सची ऑर्डर दिली होती. छापायच्या आधी ती मैत्रिणीला घेऊन गुपचूप दुकानात आली होती.

“घ्या.”

कंबर गेली. हनुवटी गेली. शेजारच्या स्टुलावर पूर्णिमा कागदातली भजी खात बसली होती.

“तेजे, एक तर खा की. तोंड बघ कसं झालंय.”

तेजस्वीनं मान हलवली. नजर पडद्यावर.

“दंड?”

“दंडपण.”

मृत्युंजयनं दंड आत ढकलला. अजून ढकलला. पडद्यावरची पोरगी छान दिसायला लागली. लग्नाच्या अल्बममधल्या कुणाच्यातरी मावसबहिणीसारखी.

तेजस्वी पुढं वाकली.

“गोळा का बारका झाला?”

“हात आत घेतला की त्योबी आत येतोय. लिंबाएवढा दिसतोय, पर ऱ्हाऊ दे की. गोळ्याकडं कोण बघतंय!”

आतल्या खोलीत मशीन कुणाचातरी वाढदिवस छापत होतं. तेजस्वीनं डाव्या हातानं आपला उजवा दंड धरला. पंज्यात मावला नाही.

“परत करा.”

“कुठवर?”

“सगळं. माझा दंड हाय तसा पायजे. गोळा हाय तसा पायजे. आन् फोटो मोठा करा.”

“मोठा केला तर खालचे शुभेच्छुक मावत न्हाईत, ताई. मंडळाचे अध्यक्ष हंबीरराव निम्मे कापले जातील.”

“मग हंबीररावांना बारीक करा की!”

पूर्णिमाला ठसका लागला. मृत्युंजय हसत हसत दंड बाहेर ओढू लागला. पडद्याच्या कडेपर्यंत.

“अजून,” तेजस्वी म्हणाली, आणि पूर्णिमाच्या मांडीवरचा भज्यांचा कागद तिनं आपल्याकडं ओढला.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिनं दोन भाकरी, झुणका आणि वर वाटीभर दही खाल्लं होतं.