टोकियोचा पिचर

“यल्ला! गेला, गेला, गेला!”

विजय सोफ्यावरून उडालाच. टीव्हीवर बेसबॉलच्या मॅचमध्ये टोकियोच्या पिचरने टाकलेला चेंडू समोरच्या बॅटरने थेट प्रेक्षकांत भिरकावला होता. “टोकियो खलास!” सायमनही दुसऱ्या सोफ्यावरून ओरडला. दोघांनी हात उंचावून एकमेकांना सणसणीत टाळी दिली. टाळी कोणाला दिली हे लक्षात आल्यावर दोघेही गपचूप आपापल्या जागी बसले.

दोहातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात दोघांच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून होत्या, पण गेली पाच वर्षं बोलणं बंद होतं. बिनसलं होतं एसीवरून. विजयला बावीस हवे, सायमनला सव्वीस. तेव्हापासून विजयला साधी फाइल हवी असली तरी तो पाठीमागच्या खुर्चीला मेल टाकायचा आणि सीसीत साहेबांना ठेवायचा. सायमनचं उत्तरही त्याच वाटेने यायचं. साहेब म्हणजे मोरितासान. ते बिचारे दोघांचे सगळे मेल वाचायचे.

हे मोरितासान आता कायमचे जपानला परत चालले होते. त्यांच्या जागी कोण, ते नाव रविवारी सकाळी त्यांनी वर कळवायचं होतं. विजय की सायमन, एवढाच प्रश्न होता. विजयने तो आपल्यापुरता सोडवलाही होता. नाशिकला सासऱ्यांना फोनवर सांगून टाकलं होतं आणि सासऱ्यांनी गल्लीत पेढे वाटले होते. आता ही खुर्ची हुकली तर नाशिकला तोंड दाखवायची सोय राहणार नव्हती.

म्हणूनच मोरितासान म्हणाले, “माझा टीव्ही खोक्यात गेलाय, शुक्रवारी ऑल-स्टारची मॅच तुमच्याकडे बघू का?” तेव्हा विजयला आभाळ ठेंगणं झालं. त्याच दमात त्यांनी मागे वळून सायमनलाही बोलावलं, तेव्हा ते पुन्हा होतं तिथे गेलं.

बेसबॉल दोघांनाही यथातथाच कळत होता. पण मोरितासान ओसाकाचे आहेत आणि टोकियोच्या संघाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते, हे दोघांनी बरोबर हेरलं होतं. टोकियो हरलं की दुसऱ्या दिवशी आधी कोण अभिनंदन करतो, यावर ऑफिसात शर्यत लागायची. त्यामुळे आज टीव्हीवर टोकियोचा शर्ट दिसला, की इकडे विजयच्या मुऐदरच्या घरी, हॉलमध्ये शिव्याशाप सुरू होत होते.

विजयच्या बायकोने, नयनाने, बशा आणल्या. मिसळ तिची, नाशिकची. पाव मात्र तिने आणलेच नव्हते. सायमनच्या बायकोशी, रोझमेरीशी, फोनवर ठरवून तिने वसईचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, मागवले होते. आपल्या मिसळीत सायमनच्या घरचा फुगा बुडालेला पाहून विजयचा घास अडला. मोरितासान मात्र घाम पुसत मन लावून खात होते.

तेवढ्यात टोकियोच्या पिचरला आणखी एक फटका बसला.

“असाच पाहिजे त्याला!” विजय म्हणाला.

“हाकला त्याला घरी!” सायमनने लगेच री ओढली.

मोरितासाननी बशी खाली ठेवली. गळ्यातला ओसाकाचा टॉवेल नीट केला आणि टीव्हीकडे बघत, टोकियोच्या त्या पिचरसाठी, हळूहळू टाळ्या वाजवायला लागले.

विजयला वाटलं, मिसळ साहेबांच्या डोक्यात गेली.

“तो आज आपला आहे,” मोरितासान इंग्रजीत म्हणाले. “एका लीगचे निवडक खेळाडू एकीकडे, दुसऱ्या लीगचे दुसरीकडे. टोकियो आणि ओसाका एकाच लीगमध्ये. शर्ट ज्याचा त्याचा, पण आज बाजू एक. तो चेंडू पकडतोय ना, तो कॅचर बघा. ओसाकाचा आहे. माझ्या घराच्या मागच्या गल्लीतला.”

विजयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारभर आपण साहेबांच्याच संघाला शिव्या घातल्या. पेढे गेले, नाशिक गेलं.

“तुम्हीच आधी ओरडलात,” सायमन दात-ओठ खात पुटपुटला.

“आणि टाळी कोणी दिली?”

“तुम्ही हात वर केलात म्हणून दिली! आणि त्याला घरी हाकला असं मी म्हणालो तेव्हा अडवायचं नाही होय?”

“मला तरी कुठे माहीत होतं!”

मोरितासानना मराठी येत नव्हती. पण दोघं एकमेकांशी बोलत होते, मेलशिवाय, तोंडाने, हे त्यांना दिसत होतं. ते शांतपणे ऐकत राहिले. मग त्यांनी रोझमेरीचा शेवटचा फुगा नयनाच्या रश्श्यात बुडवून खाल्ला आणि हात पुसले.

“रविवारी मी एक नाव पाठवणार होतो,” ते म्हणाले. “आता दोन पाठवतो. तीन वर्षं माझी जागा दोघांनी मिळून सांभाळा. एक खोली, एक टेबल, समोरासमोर खुर्च्या. आणि कृपा करून मला सीसी करू नका.”

दारात उभ्या नयनाच्या मनात आलं, निम्मे पेढे तरी खरे ठरले. विजयने सायमनकडे बघितलं, सायमनने विजयकडे.

“पण सर, आम्हीच का? आणि आज? आज तर आम्ही...” विजयने विचारलं.

“आजच,” मोरितासान म्हणाले. “पाच वर्षांत पहिल्यांदा तुम्ही दोघं एका बाजूला होतात. बाजू चुकीची होती, एवढंच.”