खिचडीची प्रार्थना

शोकसभेत गुरुजींच्या फोटोला हार घालून झाल्यावर काकूंनी मुकुंदाला पुढे बोलावलं. "ह्यांनी शाळेसाठी लिहिलेली प्रार्थना तूच म्हण रे. वही वाळवीने खाल्ली, पण तुला पाठ असणारच."

असणारच! सातवीत त्याच प्रार्थनेवर त्याने खिचडीचं विडंबन रचलं होतं. चाल तीच, यमकं तीच, शब्द तेवढे फिरवलेले. गुरुजीसुद्धा पोट धरून हसले होते. पुढे शाळेची प्रार्थना बदलली. पोरांच्या तोंडी खिचडी तेवढी राहिली.

सगळे हात जोडून उभे राहिले. मुकुंदाने डोळे मिटले. चाल आली, यमकं आली. शब्द मात्र खिचडीचेच. त्याने समोर पाहिलं, तशी तीस वर्षांतल्या विद्यार्थ्यांची एकेक मान खाली गेली.

काकू जवळ येऊन पुटपुटल्या, "मलाही तुझीच येते रे."