चौथा फोन

महिन्याभरात तिसऱ्यांदा कय्युमचाचांच्या फोनमधला वायफायचा आयपी नंबर पुसला गेला होता. वायफायचं काम पाहणाऱ्या उमाकांतने फोन हातात घेतला आणि कपाळाला हात लावला. पासवर्ड असला तरी या नंबराशिवाय राउटर कोणत्याच फोनला दाद देत नाही, आणि या घरात तो हाताने टाकावा लागे. दोन वर्षांपूर्वी चाचांनीच तसं करून घेतलं होतं, कारण गल्लीतली पोरं फुकटच्या वायफायसाठी ओट्यावर ठाण मांडून बसत. तेव्हापासून घरात तीनच नंबर होते: चाचांचा, रशिदाचाचींचा आणि टीव्हीचा.

त्यांच्या मुलीचा, तबस्सुमचा नव्हता. ती त्याआधीच घर सोडून गेली होती. आपल्या मर्जीने लग्न करून विसरवाडीला राहत होती. त्या पोरीचं नाव या घरात निघणार नाही, असं चाचा म्हणाले होते आणि ते निघालं नाही. आधी राग होता. तो कधी विझला ते त्यांना कळलंही नाही, सवय तेवढी उरली. गाद्या भरायच्या, जेवायचं, टीव्हीसमोर बसायचं. भाजीत मीठ कमी पडलं तरी त्यांच्या लक्षात येत नसे.

शुक्रवारी जुम्याची नमाज झाली की ते थेट दुकानावर जात, दिवेलागणीनंतर घरी येत. या शुक्रवारी मात्र उमाकांतला दुपारचीच सवड होती, म्हणून ते मधेच घरी आले. दार उघडायला चाचींनी वेळ लावला.

उमाकांत म्हणाला, "चाचा, आते हाते नंबर टाकानी कटकट नको. घरमा जो फोन ई, तेले हाई आपोआप नंबर दी. कोन शे, काबर उना, काहीच इचारत नही."

येईल त्या फोनला राउटर न विचारता नंबर देणार; चाचांनी मान डोलावली. त्यांना त्यात काही वाटलं नाही.

राउटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला. हिरवे दिवे लागले. त्याचा स्वतःचा सोडून जोडलेल्या फोन-टीव्हीची यादी उमाकांतच्या मोबाइलवर उतरू लागली.

"तीन तं समज्यात," तो म्हणाला. "हाऊ चौथा कोना शे?"

मग त्याने नाव वाचलं. मोबाइल त्याने चाचांपुढे धरला.

तबस्सुम.

पासवर्ड जुनाच होता. तिचा फोन तो विसरला नव्हता, त्याला नंबर तेवढा मिळत नव्हता. आणि या राउटरची रेंज जेमतेम आतल्या खोलीपर्यंत पोचत असे.

काढून टाकू का, असं उमाकांतने हळूच विचारलं. आता राग येईल, असं चाचांना वाटलं. ते रागाची वाट पाहत बसले. आला नाही. आतल्या खोलीचा पडदा हलत नव्हता. किती शुक्रवार झाले असतील, एवढंच मनात आलं.

चाची चहा घेऊन आल्या. ट्रेमध्ये दोन कप होते, आणि दोन्ही बशांत चहा सांडला होता.

चाचांनी कप उचलला नाही.

"और दो ला, रशिदा," ते म्हणाले. "सब यहीं बैठके पिएंगे."