एकोणीस दिवसांचं स्टूल

पट्टा सुरू व्हायच्या आधीच ट्रॉली लाइनवर आली आणि बायकांच्या मागची निळी स्टुलं एकेक करून तिच्यावर चढू लागली. कस्तुरा मात्र आपल्या स्टुलावरून उठली नाही.

गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधणाऱ्या कुरुळीच्या या कंपनीत ती नऊ वर्षं उभी होती आणि एकोणीस दिवस बसली होती. सरकारनं नियम काढला, की उभ्यानं काम करणाऱ्याला बसायची सोय दिलीच पाहिजे, आणि कंपनीनं नाक मुरडत का होईना, स्टुलं आणून ठेवली. कस्तुराच्या पिंढऱ्यांवरच्या शिरा करंगळीएवढ्या फुगल्या होत्या. मोशीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसभर उभं राहणं थांबवा, नाहीतर ही नोकरी सोडा. तेवढ्यात स्टूल आलं आणि नोकरी वाचली. पहिल्या दिवशी घरी गेल्यावर पाय शेकत न बसता तिनं थेट पुरणच शिजायला घातलं होतं, एवढी ती खुशीत होती.

एचआरचा रविराज हातात कागद घेऊन आला. चेहऱ्यावर कुणाचं तरी लग्न ठरल्यासारखं हसू होतं.

"ताई, घाबरू नका कुणी. नियम रद्द झालेला नाही. कारखानदार कोर्टात गेले होते, कोर्टानं स्थगिती दिलीये. पुढच्या सुनावणीपर्यंत नियम लागू नाही, एवढंच."

"पुढची सुनावणी कधी, सर?" शेजारच्या पिंकीनं विचारलं.

"पडेल की तारीख."

कोर्टाची तारीख ही काय चीज असते ते लाइनवरच्या बहुतेकींना पक्कं ठाऊक होतं. कुणाचा घटस्फोट अडकला होता, कुणाची भावकीतली भिंत.

"आणि खरं सांगायचं तर कोर्टापुढे तुमचंच म्हणणं गेलंय," रविराज म्हणाला. "तुम्हीच लिहून दिलंय ना, की आम्हाला उभ्यानं काम करायची सवय आहे, बसलं की हात चालत नाही, स्टुलं नकोत म्हणून. या बघा सह्या."

त्यानं शेवटचं पान उलटून दाखवलं. कागद इंग्रजीत होता, पण आपली सही ओळखायला इंग्रजी लागत नाही. सगळ्यात वर कस्तुराचीच होती, खाली ठसठशीत दुहेरी रेघ ओढलेली.

तिला लख्ख आठवलं. चहाच्या सुटीत सुमनताई हा कागद घेऊन आली होती. "स्टूल मिळाल्याची सही हाय, कर पटदिशी." कस्तुरानं कागद मांडीवर घेतला आणि याच स्टुलावर बसल्या बसल्या सही ठोकून दिली. तिनं केली म्हटल्यावर पिंकीनं केली, मग सगळ्यांनीच.

सुमनताई ही लाइनची लीडर. दोघींचा डबा नऊ वर्षं एकच. आत्ता ती ट्रॉलीवरची स्टुलं नीट लावत होती. इतकी नीट लावायची काहीएक गरज नव्हती.

रविराज गेल्यावर कस्तुरानं तिला हाक मारली.

"ताई, त्या कागदावर काय लिहिलं होतं?"

"मला काय माहीत गं. सरांनी दिला, मी फिरवला. इंग्रजीत व्हता समदा."

"माझ्या डॉक्टरची चिठ्ठी पण इंग्रजीतच होती. ती तूच वाचून दाखवलीस मला."

सुमनताईनं पदरानं कपाळ पुसलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाली, "सुपरवायझरची जागा निघालीया. सर म्हणले, तुझं ऐकतात बाया, एवढं काम कर. मला वाटलं, कोर्टाचं काम हाय, पडून ऱ्हाईल कागद दहा वर्सं. इतक्यात निकाल लागंल असं कुणाला वाटलं व्हतं?"

कस्तुराला कंपनीचा राग आला नाही. कंपनीकडून तिनं कधी मायेची अपेक्षाच धरली नव्हती. पण जिच्या डब्यातलं कालवण नऊ वर्षं आपलं म्हणून खाल्लं, तिनं आपल्याच सहीनं आपले पाय विकावेत, हे काही केल्या तिला गिळवेना. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सुमनताईला दिसलं याचाच तिला जास्त संताप आला.

ट्रॉली कस्तुराच्या स्टुलापाशी आली. सुमनताईनं ती हातानं अडवली.

"ह्ये एक ऱ्हाऊ दे. खोक्यांच्या आडोशाला ठेवू. तू बसत जा, मी सरांचं बघते. तुझे पाय मला दिसत न्हाईत व्हय? फक्त कुणापाशी बोलू नको."

कस्तुरानं बाजूला पाहिलं. पिंकी आत्तापासूनच एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती.

कस्तुरा उठली. स्टूल उचलून तिनं स्वतःच ट्रॉलीवर ठेवलं.

"नको, ताई. मला उभ्याची सवय आहे, असं मी लिहून दिलंय. मला बसवशील तर तू कोर्टात खोटी पडशील."

भोंगा झाला, पट्टा हलला. तिनं पहिली वायर हातात घेतली. पाळी साडेतीनला सुटणार होती, आणि समोरच्या घड्याळात नुकते कुठे सात वाजले होते.