हूक लावायच्या आधी

आमच्या क्रेनचा एक नियम आहे. ज्या गाडीत माणूस मेला असेल, तिला हूक लावायच्या आधी दार वाजवून बोलायचं, "उतरा आता, गाडी आम्ही नेतोय." नाहीतर मेलेला आतच बसून राहतो, असं बाबा बोलतो.

हायवेवर ती कॅरॅव्हॅन पलटी झाली, आत पलंग, शेगडी, सगळं घरच, तेव्हा मी सरळ बोलले, "मी पत्र्याशी बोलणार नाही."

"एवढं तोंड शाळेत चाललं असतं रविना, तर पास झाली असतीस," बाबा बोलला. पण मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले आणि त्याचंपण बोलायचं राहून गेलं.

दोन दिवसांनी दुपारी कॅरॅव्हॅनचा मालक तलासरीला आमच्या यार्डात आला. डोक्याला पट्टी. त्याची लहान पोरगी त्या गाडीतच गेली होती, पोलिसांनी पुढची काच फोडून तिला बाहेर काढलं होतं. बाबाने चहा दिला आणि नियम सांगून हात जोडले. "त्या दिवशी राहिलं, साहेब. आता आवाज देतो. पोरीला सुटू दे."

बाबा गाडीकडे निघाला, तसा तो चहा सांडत आडवा आला.

"नको. काही बोलू नका तिला."

मग त्यानेच दार वाजवलं, झोपलेल्या पोराला उठवतात तसं, हळू. "ध्रुवी, पप्पा आहे."

जाम झालंय म्हणून दोन दिवस मी ज्या दाराला लाथा घालत होते, त्याची कडी आतून निघाली.