मोराचा राखणदार

पिंड मांडून उन्हं डोक्यावर आली, तरी इंद्रायणीकाठी एक कावळा फिरकेना.

आईचा दहावा होता. सगळे आभाळाकडं डोळे लावून बसलेले आणि गोविंदाची मान खाली. वर बघायचं कशाला? कावळे कुठं गेले ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक! पलीकडच्या टेकाडावर शेठचा बंगला होता आणि गोविंदा तिथला राखणदार. बागेत लांडोरी अंडी घालायच्या, कावळे ती फोडायचे.

"मोर देशाचा पक्षी, गोविंदा," शेठ म्हणाला होता. "त्याच्या पिसाला धक्का लागला तरी तुरुंग. कावळ्याला कोण विचारतो? कायद्यातसुद्धा तो उपद्रवीच."

मग काय! गोविंदानं रोज बंगल्याच्या पाण्याच्या टाकीवर विष लावलेले मटणाचे तुकडे टाकले. मोराची पिल्लं निघाली, शेठनं पाठ थोपटली, आणि हा गडी केवढा फुशारला होता. आता त्याच पराक्रमाची त्याला शिसारी आली.

"म्हातारीचा जीव कशात तरी अडकलाय," चुलती बाया म्हणाली. मग ती गोविंदाच्या वहिनीवर, नंदाबाईवर घसरली. "तूच करत व्हतीस ना तिचं? उपाशी ठिवली असशील. माग माफी!"

नंदाबाईनं वर्षभर सासूचं हगणं-मुतणं काढलं होतं. तरी तिनं पिंडापुढं डोकं टेकलं. "चुकलं आत्याबाई, पदरात घ्या."

गोविंदा शरमेनं अर्धा झाला. बोलावं तर चारचौघांत तोंडाला काळं, गप बसावं तर ही बाई जन्मभर बोल खाणार. शेवटी भटजी दर्भाचा कावळा वळायला लागले, तसा तो ओरडला, "वहिनीला बोलू नगा! कावळं मीच मारल्यात. इख घालून!"

चुलती त्याला शिव्या घालत उठून गेली. नंदाबाई मात्र डोळे पुसत त्याच्याजवळ आली.

"कशाला बोललात, भावजी? आत्याबाईंना समदं ठावं व्हतं. बंगल्याकडनं येऊन अंगणात पडून मेलेलं कावळं त्यांनी दारातनं बघितलं व्हतं. जायच्या आदल्या दिशी मला म्हनल्या, 'माझ्या दहाव्याला कावळा यायचा न्हाई, नंदे. तवा गोविंदाला कुनी बोलू नये, येवढीच माझी इच्छा हाय.'"