बंबातले पुट

“आई, तू हळदीला येऊ नकोस,” असे म्हणून वृषालीने बंबाच्या तोंडात लिंबूसत्त्वाचे कढत पाणी ओतले.

ठकूबाई चिंचेने तोटी घाशीत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“बरं. डोकं दुखतंय म्हून सांग. पुसणार बी न्हाई कुणी.”

थोरल्या घरी चुलतभाऊ ऋषीचे लग्न होते. पाहुण्यांच्या स्नानासाठी त्याच्या आईने, द्रौपदाकाकूंनी, तांब्याचा जुना बंब मागितला होता. पण बोअरच्या पाण्याने त्याच्या पोटात वर्षानुवर्षे क्षारांचे पुट चढले होते. लाकडे ढणढणा जळत आणि पाणी कोमटच राही. तसा तो द्यायचा कसा, म्हणून वृषाली पुण्याहून येताच पदर खोचून बसली होती.

आत फसफस सुरू झाली.

“पुण्यात बटण दाबलं की पाणी तापतं म्हनं,” ठकूबाई म्हणाल्या.

“तिथंही हेच. गीझरची कॉइल पांढरी होते, मग माणूस बोलवायचा.”

“मंग कशाला ऐट करता गं पुण्याची?”

वृषालीला हसू आले. तिने ते गिळले. या बाईशी मोकळेपणाने हसणे तिला कधीच जमले नव्हते.

घर एकत्र होते तेव्हाची गोष्ट. काकूंची बिनखड्याची सोन्याची अंगठी नाहीशी झाली. ती त्यांना सैल होई, म्हणून न्हाताना काढून ठेवीत. आणि तेवढ्या वेळात छोटी वृषाली ती अंगठ्यात घालून अंगणभर मिरवी. बंबात पाणी ओतण्याचे कामही तिचेच असे. सारे घर पालथे घातले, अंगठी मिळाली नाही. अखेर आजोबा धर्माजी म्हणाले, “येत्या रविवारी लेकराबाळांसकट सगळ्यांनी खंडोबाचा भंडारा उचलायचा. खोटं बोलंल त्याचं देव बघून घेईल.”

शनिवारी ठकूबाई नारायणगावच्या बाजाराला गेल्या. रविवारी, देवापुढे कोणी भंडाऱ्यात हात घालण्यापूर्वीच, त्यांनी अंगठी पाटावर ठेवली.

“मी घेतली व्हती,” त्या म्हणाल्या.

पुढे वाटण्या झाल्या. थोरल्या घरी गीझर बसला आणि बंब ठकूबाईंच्या वाट्याला आला. वृषालीच्या वाट्याला लाज आली. कार्यात आई शिरली की बायका पिशव्या मांडीखाली ओढीत. काकू तर हसत हसत बोट पुढे करीत. “चोराच्या हातून आली, तवापासून घट्ट बसती बघा. निघता निघत न्हाई.” मंडळी हसत. ठकूबाईही हसत, आणि वृषालीला धरणीने पोटात घ्यावे असे वाटे. शाळेच्या वाटेवर ती आईच्या चार पावले पुढे चाले. बाप हयात असतानाही आईच्या गळ्यात नुसती काळी पोत असे. त्यातले सोन्याचे डोरले विहिरीत पडले, असे ती सांगे. तेही कोणाचा विश्वास न बसण्यासारखेच.

उन्हे माथ्यावर आली. मायलेकींनी बंब अंगणात आणून पालथा घातला. वृषालीने लाकडी थापटण्याने त्याच्या पाठीवर ठोके दिले. आधी दुधासारखे गढूळ पाणी आले, मग खवले, मग चुन्याची बोटभर जाडीची ढेकळे.

“बाई बाई, एवढं पोटात घिऊन बसला व्हता,” ठकूबाई म्हणाल्या.

एका ढेकळाच्या कडेला काहीतरी चकाकले. तांब्याचा कपचा निघाला की काय, या शंकेने वृषालीने ते दगडावर आपटले. ढेकूळ दुभंगले. आत बिनखड्याची सोन्याची अंगठी होती.

वृषालीने ती पाण्याने धुतली. बोटात घातली, सैल झाली. मग नकळत अंगठ्यात घातली. तिथे ती लहानपणीसारखी मिरवण्याजोगी बसली.

“आई,” ती म्हणाली, “ही काकूंची आहे. मग तू पाटावर ठेवलीस ती...”

ठकूबाईंचा हात रिकाम्या गळ्याकडे, डोरल्याच्या जागी गेला. त्यांनी एकदा बंबाच्या तोंडाकडे पाहिले, एकदा लेकीच्या अंगठ्याकडे. कितीतरी वर्षांनी त्यांचा चेहरा सैलावला.

“मंजी,” त्या हळूच म्हणाल्या, “तू न्हवती घेतली.”